मदत हवी आहे: ऑनलाइन तासाला मुलं तोंडच उघडत नाहीत

खडूफळा:
तातडीचं आहे, उद्या सकाळी पुन्हा तास आहे. शिकवून झालं की विचारते, "कळलं का?" समोर काळे चौकोन आणि चिडीचूप. मग एकच जण "हो बाई" म्हणतो. वर्गात हीच मुलं मला बोलू देत नाहीत! पीपीटी झाली, व्हिडिओ झाले, रागावूनही झालं. "मुलांशी मैत्री करा" छापाचे सल्ले कृपया नकोत.

काठावर_पास:
कितवी? किती मुलं? विषय? झूम की मीट? काहीच सांगितलं नाहीत.

निळी_शाई:
कॅमेरे सक्तीने चालू करायला लावा. मी लावते. प्रश्न मिटला.

सावकाश:
सक्तीला माझा विरोध. घरात कुणाच्या मागे काय चाललेलं असतं कुणास ठाऊक. शिवाय तासभर स्वतःचाच चेहरा बघत बसणं थकवतं. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यात हेही आहे. चालू करायचाच तर झूममध्ये स्वतःपुरता स्वतःचा चेहरा लपवता येतो, ते तरी शिकवा.

निळी_शाई:
शाळेत चेहरे दिसतातच की. तिथे कुणी थकत नाही?

सावकाश:
शाळेत समोर आरसा धरून बसवता का?

यंत्रमित्र:
वायरवाला हेडसेट घ्या. लॅपटॉपच्या माइकमध्ये पंख्याची घरघर येते, मुलं कंटाळतात.

खडूफळा:
आवाजाबद्दल मी विचारलेलंच नाही हो. सातवी, गणित, 46 मुलं, झूम. अपूर्णांकांची बेरीज चालू आहे.

गणितवेडा:
ताई, "कळलं का?" विचारूच नका. 45 जणांसमोर "नाही" म्हणायची कुणाची छाती आहे? त्याऐवजी गणित टाका: 2/3 + 1/4. आधी विचारा, उत्तर 2/3 पेक्षा मोठं येईल की लहान? मग वहीत सोडवू द्या. उत्तर सगळ्यांनी चॅटमध्ये लिहून ठेवायचं, पण तुम्ही "पाठवा" म्हणेपर्यंत एंटर दाबायचं नाही. एकदम धो धो उत्तरं येतात, एकमेकांचं बघून लिहायला वेळच मिळत नाही.
आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतल्या टेप ऐकून दाखवलं होतं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि बरी येतात. ऑनलाइनला तर माइक उघडण्यातच तेवढे जातात. मी मुद्दाम पाणी पितो. बाटली संपते कधीकधी.

खडूफळा:
पण चॅट मी बंद ठेवलंय. पहिल्याच आठवड्यात इमोजींचा नुसता पाऊस पाडला होता कार्ट्यांनी. माइकही मीच म्यूट करते, गोंगाट होतो म्हणून.

काठावर_पास:
माइक बंद, चॅट बंद, कॅमेरे बंद. मुलांनी उत्तर द्यायचं कशानं, टेलिपथीनं?

खडूफळा:
...हे आधी सुचायला हवं होतं.

यंत्रमित्र:
चॅट चालू करा, पण सेटिंगमध्ये फक्त होस्टपुरतं ठेवा. मुलं एकमेकांना काही पाठवू शकत नाहीत, उत्तर फक्त तुम्हाला दिसतं. चुकलं तरी कुणी हसायला नाही. एंटरची कवायतही नको.

गणितवेडा:
हे माझ्यापेक्षा बरं. (हेडसेट माफ.)

निळी_शाई:
कॅमेरा चालू असता तर एवढा द्राविडी प्राणायाम लागला नसता.

खडूफळा:
करून पाहिलं. दोन मिनिटं गप्प बसणं मलाच जड गेलं. 31 उत्तरं आली, त्यातली 19 म्हणजे 3/7. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. भर घातल्यावर 2/3 पेक्षा लहान उत्तर कसं, हे तिघांनी स्वतःहून विचारलं. उद्या छेद समान करण्यापासून पुन्हा सुरुवात.

काठावर_पास:
आणि तो रोज "हो बाई" म्हणणारा?

खडूफळा:
त्याचंही 3/7.