मदत हवी आहे : झडप बदलल्यावरही फुप्फुसांतील रक्तदाब चढा का राहतो?

माझ्या आईला लहानपणी संधिवाताचा ताप आला होता. त्यातून आकसलेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) शस्त्रक्रियेने बदलली, तरी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात फुप्फुसांतील दाब अजून चढाच दिसतो.

झडप अरुंद झाली की डाव्या कर्णिकेत रक्त तुंबते आणि तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो, इतके समजले. अडथळा दूर झाल्यावर तो बहुतेकांचा उतरतोही. मग उरलेला दाब कशाचा? माझ्या वाचनाप्रमाणे, दाब वर्षानुवर्षे टिकला की लहान धमन्यांच्या अस्तरातून त्यांना आकसवणारे एंडोथेलिन वाढते, त्यांना सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, आणि भिंतीतील स्नायूंचा थर जाड होऊन आतली वाट चिंचोळी होते. आकुंचन सैल होऊ शकते. पण जाड झालेली भिंत कितपत पूर्ववत होते?

एकोतील आकडा अंदाजाचा असतो, खरे मोजमाप उजव्या हृदयात बारीक नळी घालून केलेल्या कॅथेटर तपासणीत होते, हे ठाऊक आहे. त्या तपासणीतून दोष डाव्या हृदयाचा की धमन्यांचाच, हे कसे ठरवतात, ते जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. औषधांचा सल्ला मागत नाही. तो आमचे डॉक्टर देतीलच.