आजीच्या जुन्या फोटोंत स्वतः उभे राहताना

कृष्णाकाठ (प्रश्न):
सर्वांना नमस्कार. मी छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी आजीच्या तरुणपणीचे फोटो निवडले आहेत. १९६०-७० च्या दशकातले हे चौकोनी, कृष्णधवल फोटो बहुतेक आमच्या सांगलीच्या वाड्याच्या अंगणात काढलेले आहेत. वाडा पाडला गेला आणि तिथे आता सदनिका आहेत. आजीची लुगडी नेसून, जमेल तिथे त्याच जागी तशीच उभी राहून स्वतःचे फोटो काढावेत व जुन्या फोटोंशेजारी मांडावेत, असा विचार आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, हे दक्षिण आफ्रिकेच्या छायाचित्रकार लेबोहांग क्गान्ये यांनी आधीच करून ठेवले आहे. गेलेल्या माणसाची लुगडी नेसून फोटो काढणे आत्याला मुळीच पसंत नाही. त्यातून मी आजीसारखी दिसतही नाही. यातून माझ्याविषयी काही कळेल, की नुसतीच वेशभूषा होईल?

टिपकागद:
क्गान्ये यांचे काम नीट पाहा, म्हणजे नकलेची भीती कमी होईल. त्यांची आई २०१० मध्ये गेली. त्यानंतर त्यांनी आईचे जपून ठेवलेले कपडे घालून, आईच्या जुन्या फोटोंतल्या जागा शोधून, त्याच ढबीत स्वतःचे फोटो काढले. पण ते शेजारी मांडून त्या थांबल्या नाहीत, तर जुन्या फोटोवर आपली आकृती अर्धपारदर्शक करून बसवली. त्यामुळे दोघींचे न जुळणे लपत नाही, उलट नजर तिथेच खिळते. पुढच्या भागात त्यांनी आजोबांचा सूट घातला आणि फोटोंतून कापलेल्या माणसाएवढ्या सपाट आकृत्यांमध्ये त्या उभ्या राहिल्या, कारण आजोबांविषयी त्यांच्याजवळ घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टींपलीकडे फारसे काही नव्हते. म्हणजे जे हाती होते त्यावरून रीत ठरली. तुमच्याकडे वाडाच उरलेला नाही, ही तुमची वेगळी अडचण आहे आणि माझ्या मते प्रकल्पाचा जीव तिच्यातच आहे. लुगडे नेसून त्या जागेवरच्या सदनिकांच्या वाहनतळावर उभ्या राहिलात, तर तो फोटो क्गान्ये यांचा होणार नाही.

साम्याची आणि वेशभूषेची चिंता करू नका. छायाचित्रकार सॅम्युएल फोसो यांनी १९७५ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात स्टुडिओ थाटला. गिऱ्हाइकांचे फोटो काढून रोलमध्ये जागा उरली की ते स्वतःचे फोटो काढत आणि नायजेरियातल्या आजीला पाठवत. मी ठीक आहे, एवढे तिला कळावे हा हेतू. नटण्याची हौस त्यात पुरेपूर होती, पण तेवढ्याने ते काम उथळ ठरले नाही.

अर्धा_कप:
माझे मत थोडे कडू वाटेल. आजीची साडी आणि जुना अल्बम या वाटेने येणाऱ्या मालिका हल्ली इतक्या दिसतात की, अल्बम असणे ही प्रत्येक घरातली गोष्ट आहे असेच वाटू लागावे. पुष्कळ घरांत आजीचा एकमेव फोटो रेशनकार्डासाठी किंवा मतदार ओळखपत्रासाठी काढलेला असतो. त्याआधीचे फोटो परक्यांनी काढलेले: १८६८ ते १८७५ दरम्यान इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले, त्यांत माणसे जातीजमातीचे नमुने म्हणून उभी आहेत. कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात तशा चौकटी, स्वतः नमुना होऊन, पुन्हा उभारल्या, आणि त्यांची करडी थट्टाही केली.

आपल्या जवळचे उदाहरण जव्हारचे आहे. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून तिथल्या आदिवासी मुखवटे-कारागिरांसह काम केले. सुभाष व भगवान कडू हे बंधू त्यांत आहेत. बोहाडा या तिथल्या उत्सवात देवदैत्यांचे मुखवटे घालून नाचतात. इथे मात्र गिल यांनी रोजच्या जगण्यातले मुखवटे मागितले, आणि ते घालून गावकऱ्यांनी आपल्याच घरादारांत स्वतःची पात्रे केली. चेहरा झाकूनही ‘मी’ दाखवता येतो, हे तिथे दिसते. तुमचा अल्बम कोणाच्या घरात आणि का टिकला, हे प्रकल्पाच्या निवेदनात एका परिच्छेदात तरी यावे, एवढेच माझे म्हणणे.

जुना_रोल:
मी फक्त तंत्राचे बोलतो. चौकोनी फोटो आहेत म्हणजे घरात बहुधा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ किंवा तत्सम साधा कॅमेरा असावा; ‘१२०’ या मापाच्या फिल्मच्या रोलवर बारा फोटो निघत. त्यात फोकस बदलता येत नसे, जवळ गेले की चेहरा धूसर येई, म्हणून माणूस लांब आणि डोक्यापासून पायांपर्यंत दिसतो. ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचा रिवाज होता, त्यामुळे समोरच्याचे डोळे मिचमिचे आणि खालच्या कडेला फोटो काढणाऱ्याची सावली. मोबाइलने जवळून काढाल तर लुगडे तेच असूनही फोटो आजचाच वाटेल. दोन-तीन माणसांच्या उंचीएवढे अंतर सोडा, प्रखर उन्हात उभ्या राहा.

कृष्णाकाठ:
दोन फोटोंत सावली आहे! ती आजोबांची, असे बाबा म्हणतात. आत्याच्या मते तिची स्वतःची. लुगड्यांचा विषय मात्र ती अजून काढू देत नाही.

टिपकागद:
मग लुगड्यांचे राहू द्या. आधी आत्यांसमोर ते दोन फोटो ठेवा, त्या काय सांगतात ते त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा, आणि नव्या फोटोंसाठी बटण दाबायला त्याच येतील का, हे विचारा. लुगडी द्यायची की नाही, ते नंतर त्यांनाच ठरवू द्या. नाही म्हणाल्या तर बाजारातून दुसरे घ्या आणि फोटोखालच्या ओळीत तसे स्पष्ट लिहा.