मदत हवी आहे: लग्नासाठी टिळकवाडीत मुक्काम, आसपास काय बघू आणि कुठे जेवू?

निपाणीची लेक:

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात मावसभावाच्या मुलीचं लग्न आहे, बेळगावात. कार्यालय टिळकवाडीतच, म्हणून आरपीडी क्रॉसपासून आत एका गल्लीत छोटं लॉज घेतलंय. शुक्रवारी रात्री पोचू. लग्न रविवारी दुपारचं. सोमवारी जेवून परत चिंचवड. म्हणजे शनिवार अख्खा मोकळा, रविवारची संध्याकाळ मोकळी आणि सोमवारची सकाळ.

माझं माहेर निपाणी, त्यामुळे सासरच्यांना वाटतं मला बेळगाव पाठ असणार. खरं सांगायचं तर आमच्यासाठी बेळगाव म्हणजे कोर्ट, जिल्ह्याचा दवाखाना आणि बस स्टँड. काम उरकायचं, कुंद्याचा, म्हणजे इथल्या खव्याच्या मिठाईचा, डबा घ्यायचा, मिळेल त्या गाडीने परत. फिरायला म्हणून कधी कोणी आणलंच नाही. फिरायचं तर कोल्हापूर!

बरोबर आई आहे, चौऱ्याहत्तरची. गुडघे गेलेत, जिने नको, पण देवळं हवीत आणि सोमवारचा उपवास मोडणार नाही. नवऱ्याला बिर्याणी खाल्ल्याशिवाय गाव बघितल्यासारखं वाटत नाही. मुलगा नववीत, कॅमेरा घेऊन येणार. त्याने गोकाकचा धबधबा शोधून काढलाय आणि तो हट्ट सोडायला तयार नाही.

तर प्रश्न असे. लॉजपासून चालत किंवा रिक्षाने थोडक्यात होईल असं काय आहे? सकाळचा नाश्ता आणि शनिवारचं जेवण कुठे? गोकाक करावं का? कुंदा कुठला आणि कधी घ्यायचा?

कृपया ‘नेटवर बघा’ म्हणू नका. बघितलंय. तिथे पहिली सगळी ठिकाणं पन्नास-साठ किलोमीटरवरची, जसं काही गावात बघण्यासारखं काही नाहीच.

दुसरं गेट:

गोकाक राहू द्या की वो ताई. पावसाळ्यात या, मी स्वतः सांगतो जावा म्हणून. घटप्रभेवर वर हिडकलचं धरण आहे, पाणी तिथं अडतंय. जुलै ते सप्टेंबर तो धबधबा 52 मीटरवरून लाल पाणी घेऊन पडतो, आवाजानं बोललेलं ऐकू येत नाही. डिसेंबरात मात्र काळा कातळ आणि मधनंच एखादी धार. झुलता पूल बघून पोरगा विचारेल, धबधबा कुठाय? जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटर, त्यात आईंचे गुडघे. शनिवार तिथंच संपला.

तुमचं लॉज टिळकवाडीत आहे ना, मग इतिहास दारातच आहे तुमच्या. काँग्रेस रोडला वीरसौध बघा. डिसेंबर 1924 चं काँग्रेस अधिवेशन तिथं झालं, त्याचं स्मारक ते. गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हेच. आलेल्या लोकांना पाणी पुरायला पाहिजे म्हणून विहीर खणली, ती काँग्रेस विहीर अजून आहे, जवळच. गंगूबाई हनगल लहान होत्या तेव्हा त्या अधिवेशनात गायल्या होत्या. आईंना गाण्याची आवड असेल तर हे सांगा, बागेत बसून बरं वाटेल त्यांना.

सकाळी फिरायची सवय असेल तर व्हॅक्सिन डेपोत जावा. मोठी झाडं, सपाट रस्ते, अर्धी टिळकवाडी तिथं भेटते.

एकच सूचना. रेल्वे गेट पडलं की रिक्षा उभी ती उभीच. मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय रुळापलीकडं असेल तर वेळ हातात ठेवून निघा.

कॅम्पातला:

वरच्यांचं गोकाकबद्दलचं म्हणणं मान्य. पण पोराला कॅमेरा घेऊन वीरसौधला नेलं तर तो रुसेल. त्याला किल्ल्यात न्या.

किल्ला बस स्टँडच्या बाजूला. खंदक, तटबंदी, मोठा दरवाजा, सगळं आहे. आत गाडी जाते, त्यामुळे आईंना चढायला काही नाही. कमल बस्ती चुकवू नका. 1204 सालचं जैन देऊळ, रट्ट राजांच्या काळातलं, आत नेमिनाथ. मंडपात उभं राहून वर बघायचं: दगडाचं कमळ छताला उलटं लोंबतंय, पाकळ्यांवर पाकळ्या. उजेड तिरपा असतो तेव्हा, म्हणजे सकाळी, खांबांवरचं पॉलिश चमकतं. फोटो काढायच्या आधी पुजाऱ्यांना विचारायला सांगा, पूजा चालू असते.

किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम. 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात आले होते. आधी गावात भाटे वकिलांकडे राहिले, मग किल्ल्यात हरिपद मित्र म्हणून फॉरेस्ट अधिकारी होते त्यांच्याकडे. ते घर जपून ठेवलंय. शांत जागा आहे, आईंना तिथे बसवा आणि तुम्ही तट बघून या. लष्कराचा भाग आहे, पाटी दिसेल तिथे कॅमेरा खाली. पोराला हे आधीच बजावा.

किल्ल्यासमोर तलाव. त्याच्या काठचा ध्वजस्तंभ 110 मीटरचा आहे, वाऱ्याच्या दिवशी झेंडा बघण्यासारखा.

बिर्याणीचं काय विचारता, नियाज. बेळगावात दुसरं नाव कोण घेत नाही. घेतलं तर भांडण होतं. रविवारी रात्री गर्दी असते, लवकर जावा.

शहापूरची सून:

पुरुषमंडळींनी खाण्याचा विषय बिर्याणीवर मिटवला, बघून गंमत वाटली 🙂

ताई, मी लग्न होऊन शहापुरात आले तेव्हा मलाही असंच वाटलं होतं, की इथे करायचं काय. आता सांगते. सकाळी कुठल्याही उडपी हॉटेलात इडली-वडा खा, टिळकवाडीत कमी नाहीत. पाटीकडे बघू नका, बाहेर स्कूटर किती लागल्यात ते बघा.

शनिवारी दुपारी मात्र लिंगायत खानावळ शोधा. ज्वारीची भाकरी, मऊ हवी की कडक ते विचारतात. भरली वांगी, त्याला कानडीत एणगाई म्हणतात. उसळ, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, दही, कच्ची मेथी आणि कांद्याची पात. भाकरी वाढत राहतात. आईंना तिखट चालत नसेल तर दह्यात शेंगाचटणी कालवून द्या. निपाणीच्या बाईला हे नवीन नाही, पण चिंचवडच्या पोराला पिझ्झा विसरायला लावायचा असेल तर ही जागा.

संध्याकाळी बाजार. शनिवार हा बेळगावचा बाजाराचा दिवस, खेड्यातनं माणसं येतात, गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, पाय ठेवायला जागा नसते. आईंना तिकडे नेऊ नका. तुम्ही दोघं जा. चुरमुरे घ्या, इथले चुरमुरे भडंगाला वेगळेच लागतात. आलेपाकही मिळेल, थंडीत बरा.

आणि एक महत्त्वाचं. खडेबाजार दोन आहेत! एक बेळगावातला, एक शहापूरचा. रिक्षावाल्याला नुसतं खडेबाजार म्हणाल तर गावातल्या नेईल. साड्या बघायच्या तर ‘शहापूर खडेबाजार’ असं पूर्ण सांगा. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडे, म्हणून बाजारपेठाही दोन. विणकर शहापूर-वडगावातले, लग्नाचा आहेर घ्यायचा राहिला असेल तर इथेच घ्या.

निपाणीची लेक:

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! गोकाक रद्द, पोराला वाचून दाखवलं. ‘मग किल्ल्यात दोन तास हवेत’ अशी अट घातलीय त्याने.

आईच्या सोमवारचं काय करू? कपिलेश्वर म्हणतात ते शहापूरच्या बाजूलाच ना? आणि कुंद्याचं कोणीच बोललं नाही. रिक्षा मीटरने जातात का? बसने फिरावं का?

दुसरं गेट:

मीटर? ताई, बसायच्या आधी दर ठरवा, एवढंच. भाषेची काळजी नको, रिक्षावाल्याला मराठी, कानडी, हिंदी तिन्ही येतात, आणि तिन्हीत तो तेवढेच पैसे सांगतो.

बसच्या पाट्या कानडीत. आकडा विचारून चढा. बायकांना फुकट हे खरं, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र पाहिजे. तुमचं आधार चिंचवडचं असेल तर तिकीट काढावं लागेल. माहेर निपाणी म्हटलं तरी कंडक्टर ऐकायचा नाही.

अजून एक. डिसेंबरात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन इथल्या सुवर्णसौधला, म्हणजे विधानभवनात, असतं. त्या दिवसांत लॉज मिळत नाहीत, तुमचं बुकिंग झालंय ते बरं, पण एकदा फोन करून पक्कं करा. सौध धारवाडच्या बाजूला हलग्याजवळ आहे, तुम्ही पुण्याकडनं येणार, त्यामुळे हायवेवर त्रास नाही. गावात बंदोबस्त असतो तेवढा.

शहापूरची सून:

हो, कपिलेश्वर आमच्याच बाजूला. जुनं देऊळ, आम्ही दक्षिण काशी म्हणतो. सोमवारी गर्दी असते, पण सकाळी लवकर गेलात तर दर्शन निवांत होतं. गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका, रिक्षा दाराजवळ सोडते. उपवासाचं लॉजवर काही मिळेल या भरवशावर राहू नका, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू आदल्या रात्रीच घेऊन ठेवा.

गर्दी नकोच असेल तर कॅम्पातला मिलिटरी महादेव. मराठा लाइट इन्फंट्रीने बांधलेलं देऊळ, भोवती बाग, सगळं चकाचक. महादेव तोच, रांग कमी.

कॅम्पातला:

कुंदा: कॅम्पात पुरोहित मिठाईवाले. विषय संपला.

शहापूरची सून:

विषय कुठे संपतोय! शहापुरातला खाऊन बघितलाय का कधी? कुंदा म्हणजे दूध-खवा आटवून साखर तांबूस होईस्तोवर परतलेला हवा, दाणेदार. नुसता पांढरट गोड गोळा म्हणजे कुंदा नव्हे. दोन्हीकडचा पाव-पाव किलो घ्या आणि घरी ठरवा. घ्यायचा मात्र सोमवारीच, निघताना. शुक्रवारी घेतलात तर लॉजवरच संपेल, आणि उरला तर दुधाचा पदार्थ, टिकत नाही.

यळ्ळूरचा:

उशिरा आलो. सगळ्यांनी गाव सांगितलं, पण पोराला उंचावरचा फोटो कोणी दिला नाही. राजहंसगड. आमच्या यळ्ळूरचा किल्ला, बेळगावापासून पंधरा-सोळा किलोमीटर. वरपर्यंत गाडी जाते. महाराजांचा मोठा पुतळा 2023 मध्ये उभा राहिला, सिद्धेश्वराचं देऊळही आहे. रविवारी लग्नाचं जेवण झालं की तीन-साडेतीनला निघा, सूर्य मावळायच्या आत पोचाल. आई गाडीतून उतरून थोडं चालल्या तरी देऊळ होतं. वारा लागतो, शाल घ्या.

हलशीचं भुवराह नरसिंह देऊळ सांगणार होतो, कदंब राजांच्या काळातलं, सुंदर आहे. पण ते खानापूरच्या पुढं, त्याला दिवस लागतो. पुढच्या लग्नाला.

निपाणीची लेक:

राजहंसगड नक्की. नवरा म्हणतोय तिथून थेट नियाज.

शेवटचं विचारते. मावशी म्हणाली रुखवतात मांडे असणार. आईला ते घरी न्यायला हवेत, पण मिठाईच्या दुकानात मागू की कोणाला सांगावं लागतं? आणि चिंचवडपर्यंत टिकतील का?

शहापूरची सून:

टिकण्याची काळजी नको, कुंद्यासारखं नाही त्यांचं. आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा, आणि पारी उलट्या तापलेल्या भांड्यावर भाजून घडी घातलेली, कोरडी कुरकुरीत. बरेच दिवस राहतात. खाताना वर तूप आणि गरम दूध.

दुकानात मिळाले तर मिळाले, लग्नसराईत करणाऱ्या बायकांकडे आधी सांगावं लागतं. तुमच्या मावशीलाच विचारा रुखवताचे कोणाकडून केलेत, त्यांच्याकडेच आजच पाच-दहा जास्तीचे सांगून टाका. पत्र्याचा डबा घेऊन या घरून. पिशवीत नेलेत तर चिंचवडला चुरा पोचेल. चवीला तोच, पण आईंना अख्खा मांडा हवा असेल ना.