लिओनार्ड चेशायरबद्दल थोडंसं

लिओनार्ड चेशायर हे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश वैमानिक. 'नागासाकीवरचा अणुस्फोट पाहून पश्चात्ताप झाला आणि चेशायर समाजसेवेकडे वळले,' असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ९ ऑगस्ट १९४५ ला ते ब्रिटिश निरीक्षक म्हणून विमानात होते खरे, पण ते विमान उशिरा पोचलं आणि स्फोट त्यांनी बराच दूरवरून पाहिला. अणुबॉम्बमुळे युद्ध थांबलं, हे मत त्यांनी पुढेही सोडलं नाही. त्यांच्या समाजसेवेची सुरुवात १९४८ मध्ये झाली. आर्थर डाइक्स या मरणासन्न कॅन्सर रुग्णाला ठेवून घ्यायला कुठे जागा नव्हती, म्हणून चेशायरनी त्याला हॅम्पशायरमधल्या आपल्या घरी आणलं आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली.

वैमानिक म्हणूनही माणूस विलक्षण. ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रन या बॉम्बफेकी तुकडीचं नेतृत्व मिळावं म्हणून ग्रुप कॅप्टनचा हुद्दा सोडून एक पायरी खाली आले. बॉम्ब कुठे टाकायचे हे मागच्या विमानांना दाखवणाऱ्या खुणा उंचावरून टाकल्या तर चुकतात, म्हणून लक्ष्यावर अगदी खालून जाऊन स्वतः खूण करायची, हा त्यांचा आग्रह. जून १९४४ मध्ये मस्टँग हे लढाऊ विमान मिळालं, तेव्हा त्यातलं पहिलंच उड्डाण थेट मोहिमेवर! त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान, एखाद्या हल्ल्यासाठी नाही, तर चार वर्षांतल्या १०० मोहिमांसाठी आहे. मला तो म्हणूनच फार मोठा वाटतो.

आणि हो, ब्रिटिश समाजसेविका स्यू रायडर यांच्याशी त्यांचं लग्न १९५९ मध्ये आपल्या मुंबईत झालं.