मदत हवी आहे : क्रोन रोगात आतड्याचा स्नायू कशामुळे जाडावतो, ऊतीच्या ताठरपणामुळे की अडथळ्याच्या ताणामुळे?

जाणकारांना नमस्कार.

क्रोन रोगात (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारात) आतडे जिथे अरुंद होते, तिथल्या भिंतीत कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साठून ऊती ताठर झालेली असते आणि स्नायूंचा थरही जाडावलेला असतो. चर्चा बहुधा कोलॅजनचीच होते. मात्र शस्त्रक्रियेत काढलेल्या भागांचे ऊतिपरीक्षण पाहता वाट अरुंद करण्यात स्नायूचा वाटा मुळीच किरकोळ वाटत नाही.

मला समजलेली प्रक्रिया अशी. आतड्याच्या भिंतीतील अरेखित (अनैच्छिक) स्नायुपेशी त्यांच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन प्रथिनांच्या आधारे भोवतालच्या, पेशींबाहेरील तंतूंच्या जाळीला धरून असतात. जाळी मऊ असेल तर पेशीने ओढताच ती लवते. ताठर असेल तर लवत नाही, त्यामुळे पेशीतील ॲक्टिनच्या तंतूंवरचा ताण वाढतो, ऱ्हो आणि रॉक ही प्रथिने सक्रिय होतात आणि याप हे प्रथिन केंद्रकात शिरून वाढीशी संबंधित जनुकांना चालना देते. याच ओढीमुळे जाळीत सुप्तावस्थेत असलेले टीजीएफ-बीटा हे संकेत देणारे प्रथिन मोकळे होऊन आणखी कोलॅजन तयार होते, म्हणजे ताठरपणा स्वतःच ताठरपणा वाढवतो. दाह औषधांनी शमल्यावरही अरुंद झालेला भाग सहसा पूर्ववत का होत नाही, याचे निदान अंशतः उत्तर मला यात दिसते.

माझी अडचण पुढे आहे. अडथळ्याच्या वरचे आतडे फुगते, आणि लाप्लासच्या नियमानुसार आतला दाब तेवढाच राहिला तरी त्रिज्या वाढल्याने भिंतीवरचा ताण वाढतो. केवळ यांत्रिक अडथळा निर्माण केलेल्या प्राण्यांतही त्या भागातला स्नायू जाडावतो. मग रुग्णाच्या ऊतीत ताठरपणाचा परिणाम आणि ताणाचा परिणाम वेगळे कसे ओळखायचे? कमी-अधिक ताठर पॉलिॲक्रिलमाइड जेलवर पेशी वाढवून पहिला परिणाम तपासता येतो (नेहमीची प्लॅस्टिकची बशी तर आतड्याहून कित्येक लाख पट ताठर असते, तिच्यावरचे निष्कर्ष मला शंकास्पदच वाटतात), परंतु स्थिर जेलमध्ये आतड्याचे आकुंचन-प्रसरण नसते.

दुसरे असे की, याप मुख्यतः पेशीविभाजनाशी जोडले जाते. तसे असेल तर पेशींची संख्या वाढण्याऐवजी त्यांचा आकार केव्हा वाढतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी घेतलेल्या ऊतीच्या पातळ छेदांत पेशी तिरक्या कापल्या गेलेल्या असताना हे दोन्ही खात्रीने कसे मोजतात?

या विषयावर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. मानवी ऊतीवरील अनुभव असल्यास विशेष उपयोग होईल.