पिशवीच्या बाजूला गोळा येते, निजलो की जाते

आर्णी तालुक्यातला कास्तकार आहे. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पोटावर डाव्या अंगाला शौचाची कायमची पिशवी आहे. आता स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, बाजूला लिंबाएवढा गोळा दिसते. खोकललो की फुगते, निजलो की आत जाते. दुखत नाही, पण तिकडून पिशवीची कातडीला चिकटणारी प्लेट उचलते अन् पायजामा खराब होते. स्टोमाच्या काठावर लाल दाणेही आलेत, पुसताना रक्त येते. आई म्हणते बेंबी सरकली, चोळून घे. मला तं कॅन्सरच परतला असं वाटते.

वर्ध्याची ताई: भाऊ, चोळायचं नाव काढू नका! लक्षणं हर्नियाची वाटतात. स्टोमासाठी पोटाच्या स्नायूतून वाट काढतात, ती सैल झाली की बाजूनं आतडं पुढे येते. पिशवीवाल्यांत हे लय जणांना होते, मलाही आहे. तरी तुमचा आजार पाहता सर्जनला दाखवाच, निजून अन् उभं राहून दोन्ही.

पोटाला आधार देणारा हर्नियाचा पट्टा सकाळी उठायच्या आधी, निजल्या-निजल्या बांधा. उभ्यानं बांधला तं गोळा बाहेरच राहते. कडक प्लेट फुगाऱ्यावर बसत नाही, मऊ वाकणारी मागा. खोकला आला की तळहातानं दाबून धरा. अन् फवारणीचा 16 लिटरचा पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्या, घरचे कुरकुरले तरी.

सिस्टर, यवतमाळ: लाल दाणे बहुतेक वेळा प्लेटची कड घासून नाहीतर गळतीनं येतात. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आकसतो, पुढे हर्नियानं आकार पुन्हा बदलतो. जुन्या मापानं प्लेटचं भोक कापत राहू नका. स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं पुरे. दाणे सिल्व्हर नायट्रेटनं जाळता येतात, पण ते डॉक्टरचं काम, आधी तपासू द्या.

गोळा आत जाईना, कळा सुटल्या, उलट्या, पिशवीत शौच-वारा बंद, किंवा स्टोमा जांभळा-काळा, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. तोंडात काही न घालता थेट मेडिकल कॉलेजचा दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता: सोमवारी जातो. कापूस वेचला तं चालते काय?

वर्ध्याची ताई: डॉक्टर हो म्हणले तं वेचा. पण ओटी कमरेला बांधू नका, भरली की सगळा भार पिशवीवरच येते. झोळी खांद्यावरून उजव्या अंगाला घ्या, अर्धी झाली की रिकामी करा.