जिप्सी उंच केल्यावर आधी कॅस्टर का आधी शाफ्टचा अँगल?

संत्रापट्टा_वरूड:
भाऊ लोकं, माझी मारुती जिप्सी आहे (चारही चाकांना जोर देता येते ती), बगीच्यात अन् पांदणीनं चालते, महिन्यातून तीन-चारदा अमरावती. उन्हाळ्यात स्प्रिंगचा एक पाटा वाढवला अन् चारही कोपऱ्याला मूळपेक्षा दोन इंच जास्त लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) टाकल्या. तेव्हापासून मोर्शी-अमरावती रोडवर 60 च्या वर गेली का गाडी रस्ता शोधत राह्यते, वळणावरून स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, अन् एका खड्ड्यावरून तर समोरची चाकं अशी थरथरली का पार उभी केली तेव्हाच थांबली. बायको-पोरगी सोबत होती.

अलाइनमेंटवाल्याकडे तीनदा गेलो. टो (समोरची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) बरोबर करून देते अन् कागद हातात देते. त्याच कागदावर खाली कॅस्टर (किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळते ती खीळ, मागं किती झुकली ते) अर्धा डिग्री, लाल रंगात. विचारलं तर म्हणे ते यात ॲडजस्ट होत नाही. कंपनीचा आकडा साडेतीनच्या आसपास आहे. मग तीन डिग्री गेले कुठं? शॅकलनं खाल्ले. जिप्सीत समोरच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे, ती लांब केली का पाट्याचं पुढचं टोक खाली जाते, त्यासोबत पूर्ण ॲक्सल पुढं झुकते, किंगपिनचं वरचं टोक पुढं येते. अन् एवढं करून गाडी वर किती गेली? शॅकल जेवढी वाढवली त्याच्या अर्धी.

माझं मत स्पष्ट आहे, समोर आधी कॅस्टर. ॲक्सल अन् पाट्याच्या मधात पाचर टाका अन् परत तीनच्या वर आणा, शाफ्टचं (ॲक्सलला जोर नेणारा फिरता दांडा) नंतर पाहू. ज्याला फ्री व्हीलिंग हब (समोरची चाकं ॲक्सलपासून मोकळी करणारे) आहेत त्याचा समोरचा शाफ्ट रोडवर हब मोकळे असले का फिरतच नाही, तर त्याच्या अँगलसाठी स्टिअरिंग काऊन खराब ठेवायचं?

काळीमाती_यवतमाळ:
नाही पटलं भाऊ. ॲक्सल अखंड आहे, कॅस्टर तीन डिग्री वाढवला का पिनियन (ॲक्सलचं तोंड, जिथं शाफ्ट जोडते) तीन डिग्री खाली गेलं समज. शॅकलनं उलट पिनियन वर झालं होतं, ट्रान्सफर केसकडे (समोरच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटणारा गिअरबॉक्स) तोंड करून, ते तर फायद्याचं होतं. आमच्याकडे जून ते ऑक्टोबर काळ्या मातीत हब लॉक अन् लो गिअर, त्या वेळी सगळा जोर समोरच्या शाफ्टवर. माझ्या गाडीत कॅस्टरसाठी पाचर टाकली होती, नाल्यातून निघताना एक चाक खाली लटकलं, पिनियनकडचा क्रॉस (शाफ्टचा वाकणारा सांधा) यॉकला (त्याला धरणारा काटा) अडला अन् कप तुटून बाहेर. सोयाबीनचे पोते भरलेले अन् वरून पाऊस. ट्रॅक्टर बोलवून गाडी ओढून काढली, अर्धे पोते भिजले. मी पाचर काढून फेकली. शेतात 20 च्या स्पीडला कॅस्टर काय करते?

संत्रापट्टा_वरूड:
पोते भिजले ते ऐकून वाईट वाटलं. पण एक पहा. शॅकलनं पिनियन तीन डिग्री वर गेलं, तेवढीच पाचर टाकली तर ते आपल्या मूळच्या जागी येते, म्हणजे ट्रान्सफर केसच्या शाफ्टला परत समांतर. मग दोन्ही क्रॉसचा अँगल सारखा होते, एका क्रॉसनं जो वेग कमीजास्त केला तो दुसरा काटते. अँगल मोठा राह्यते हे मान्य, गाडी उंच आहे तर राहणारच. तू म्हणतो तसं पिनियन वर ठेवलं तर खालचा क्रॉस आरामात, वरचा तेवढाच वाकडा. तुझा क्रॉस अडला तो चाक किती लटकलं त्याच्यामुळं. पाचर टाकल्यावर चाक पूर्ण लटकवून शाफ्ट हातानं फिरवून पाहिला होता का?

गॅरेज_अचलपूर:
दोघंही थांबा. पाचरीच्या आधी किंगपिन बेअरिंग अन् टाय रॉडचे (समोरची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) बॉल पहा. टाय रॉड सोडायचा, नकल (किंगपिनवर चाकासोबत वळणारा भाग) आर्मला भाजीवाल्याचा स्प्रिंगकाटा अडकवून ओढायचा, नकल काहीच जोर न लावता फिरला तर बेअरिंग ढिले आहेत अन् असं असताना पाच डिग्री कॅस्टर दिला तरी थरथर जाणार नाही. माझ्याकडे थरथरणाऱ्या गाड्या येतात त्यात बहुतेक वेळा हेच निघते.

दुसरं, पाचर कोणत्या बाजूनं. जिप्सीत ॲक्सल पाट्याच्या वर बसते, कॅस्टर वाढवायला जाड बाजू पुढं पाहिजे. ज्यांनी पाटा ॲक्सलच्या वर घेतला त्यांची जाड बाजू मागं. उलटी लावलेली गाडी मी स्वतः पाहिली, कॅस्टर मायनसमध्ये, गल्लीतून काढताना सुद्धा हातात राहत नव्हती. पाचर लोखंडाचीच घ्या, ॲल्युमिनियमची मार खाऊन चिरते. मधला बोल्ट लांब टाका, त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे नाहीतर ॲक्सल सरकते.

अन् मागचं कोणीच बोलून नाही राहिलं. मागं शॅकल मागच्या टोकाला, तिथं पण लांब केली का पिनियन वर चढते. मागचा शाफ्ट तर कायम फिरते, साधा एक-एक क्रॉसचा आहे, 70 ला सीटखाली घूं घूं येते ते हेच. लोकं पिनियन ट्रान्सफर केसकडे अजून वर करतात, ते डबल क्रॉसच्या शाफ्टला चालते, याला नाही. शाफ्ट काढताना खुणा करा, स्लिप जॉइंट (शाफ्टचा लांब-आखूड होणारा दातेरी सांधा) एक दात चुकला का दोन्ही यॉक एका रेषेत राहत नाहीत अन् मग अँगल कितीही मोजा.

मोहर्लीकडचा:
मी वेगळं सांगतो, उंच करायचीच कशाला? आमच्याकडे ताडोब्याच्या रस्त्यावर साध्या उंचीच्या जिप्स्या पूर्ण सीझन चालतात, गिट्टी, रेती, पाणी सगळं. चिखलात पकड टायर देते, शॅकल नाही देत. अन् मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, कंपनीच्या मूळ माहितीत बदल करता येत नाही, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. उद्या अपघात झाला अन् विमावाल्यानं शॅकल मोजली तर?

संत्रापट्टा_वरूड:
कलमाचं डोक्यात नव्हतं, खरं सांगतो. शॅकल कंपनीच्या मापाच्या परत टाकतो, वाढवलेला पाटा पण काढतो, टायर चांगले घेतो. अचलपूरवाल्या भाऊनं सांगितलं तसा काल काटा लावला, डावा नकल ढिलाच निघाला. बेअरिंग अमरावतीहून आणले आहेत. ते बसले का कॅस्टर परत मोजायला लावतो, मग शेवटी टो.

काळीमाती_यवतमाळ:
तू रोडनं चालतो, तुझं बरोबर असेल. मी 50 च्या वर नेतच नाही, माझं पिनियन वरच राहील. पण चाक लटकवून शाफ्ट फिरवायचं राहिलं होतं, ते या रविवारी करतो.

गॅरेज_अचलपूर:
करताना हब लॉक ठेव अन् दोन्ही बाजू वेगवेगळ्या लटकव. अन् 50 ला पण खड्डा येते भाऊ, काटा तू सुद्धा लावून पहा.